दिव्याचा माड

ही गोष्ट मी सांगायला नको होती. आमच्या घरात कोणाला काही दिलं, तर ते बोलून दाखवायचं नसतं. म्हणून हळूच सांगते.

समुद्राकाठच्या एका हिरव्यागार पाखाडीत, माडांच्या वस्तीत, येमिमा नावाची एक चिमुरडी राहत असे. तिचे बाबा घाण्यावर खोबऱ्याचं तेल काढत. शनिवार हा त्यांचा शब्बाथ, शुक्रवारच्या सांजेला लागणारा देवाच्या विसाव्याचा दिवस. त्या दिवशी घाणा बंद असे, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. पण बाबा तापाने गेले. मग वादळ आलं आणि वाडीतले माड एकामागून एक आडवे झाले. बैल विकला, घाणा गप्प झाला, आणि आता आईनेही अंथरूण धरलं होतं.

एकच माड उभा होता. दिव्याचा माड. येमिमाच्या पणजोबांनी तो लावला आणि लावतानाच सिनेगॉगला, यहुद्यांच्या प्रार्थनाघराला, देऊन टाकला. त्याच्या नारळांचं तेल दर शुक्रवारी तिथल्या कधीही न विझणाऱ्या दिव्यात पडे. पणजोबा गेल्यावर ते आजोबांनी घातलं, आजोबांमागून बाबांनी. घरात चटणीला खोबरं नसलं तरी त्या माडाला कोणी हात लावत नसे. आता येमिमा खाली पडलेले नारळ वेचून, खवून, दूध काढून ते चुलीवर आटवी आणि वाटीभर तेल दिव्याला नेऊन घाली.

एका शुक्रवारी दुपारी वैद्यबुवा म्हणाले, "पोरी, हिच्या पोटात काही ठरत नाही. शहाळ्याचं पाणी दे. तेवढाच जिवाला गारवा."

येमिमाने खिडकीतून वर पाहिलं. दिव्याच्या माडावर पोपटी, गुबगुबीत शहाळी लगडली होती.

"आई, एकच आणू?"

"नको गं बाळा. ते दिलेलं आहे. दिलेल्यातलं परत घेतलं, तर ते दिलेलं कसं?"

येमिमा माडाच्या बुंध्याला मिठी मारून रडू लागली. तेवढ्यात वर 'टच्' असा आवाज झाला. माडाची पोय, मिटलेला फुलोरा, उकलली आणि तिच्या पिवळ्याधम्मक फुलांतून एक इवलीशी परी घरंगळत खाली आली. तिचे पंख साईसारखे पातळ होते आणि त्यांवर मोतिया रंगाचे कण लुकलुकत होते.

"अगंबाई! रडतेस की माडाला शिंपतेस?" परी म्हणाली. "एक काहीतरी माग. सूर्य समुद्राला टेकायच्या आत. पण नियम आहे हं. मागशील ते होईल, मात्र झालेलं तुला कधीच दिसणार नाही."

"आईला बरं कर!" येमिमा म्हणाली आणि थबकली. "म्हणजे... आई बरी होईल, आणि मला आईच दिसणार नाही?"

"नाही दिसणार, सोनुले. नियम माझा नाही, माडाचा आहे. माड धरायला सात वर्षं लागली. तुझे पणजोबा त्याआधी, माडाच्या सहाव्या वर्षीच गेले. त्यांनी याचा एकही नारळ पाहिला नाही."

येमिमा धावत घरात गेली. "आई, तू बरी होणार आहेस! मला दूर जावं लागेल, तू मला दिसणार नाहीस, इतकंच." तिने सगळं सांगून टाकलं.

आई हसली. हसता हसता खोकली. "वेडाबाई! बरी होऊन मी वेणी कोणाची घालू? भिंतीची?" मग तिने येमिमाचे केस मागे सारले. "माझ्यासाठी नको मागूस. ज्याला आपण ओळखत नाही, त्याच्यासाठी माग."

येमिमा उंबऱ्यावर बसून पुष्कळ रडली. उन्हं केशरी झाली तेव्हा डोळे पुसून ती माडाकडे गेली.

"परीताई, पणजोबांनी माड दिव्याला दिला. पण आजाऱ्याला त्यातलं देऊ नका, असं ते म्हणाले होते का?"

परीचे पंख थरथरले. "कधीच नाही. ते तुम्ही सगळ्यांनी मागाहून ठरवलंत."

"मग असं कर. आजारी माणूस कुठल्याही घरचा असो, आपला असो की परका, त्याला या माडाचं शहाळं मिळू दे. आणि तरी दिव्याला तेल कमी पडू नये."

"होईल," परी म्हणाली. तिने एक शहाळं येमिमाच्या ओंजळीत ठेवलं. "हे तुझ्या मागण्यातलं नाही. हे पणजोबांचं. यानं आई बरी होणार नाही, बाळ. पण एक शब्बाथ तिला काही म्हणता काही दुखणार नाही."

सूर्य पाण्याला टेकू लागला. परीच्या पंखांतून सोनेरी, गुलाबी, पोपटी उजेड झरझर ओघळला, झावळीझावळीवर चमचमला, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली.

शहाळं पिऊन आई उठून बसली. तिने शब्बाथचे दिवे लावले आणि येमिमाची घट्ट वेणी घातली. सगळा शनिवार दोघी अंगणात चटईवर लोळत बाबांच्या खोड्या आठवून हसल्या. संध्याकाळी आकाशात तीन चांदण्या दिसल्या, शब्बाथ संपला, आणि येमिमाच्या मांडीवर डोकं ठेवून आई झोपली. ती पुन्हा उठली नाही.

मावशी शिडाच्या पडावाने आली आणि येमिमाला मुंबईला घेऊन गेली. इकडे माडाचं एक शहाळं काढलं की दोन धरू लागली. बाळंतिणींना मिळाली, तापाने फणफणलेल्या पोरांना मिळाली. दिवाही तेवत राहिला. येमिमाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

ती म्हातारी झाली. तिची दृष्टी गेली. एकदा दाराशी एक कोळीण मासळीची पाटी टेकवून म्हणाली, "आजी, आमच्या गावान एक माड हाय बघा. त्याच्या पान्यावर माजी पोर जगली. कोनी लावला, कोनाला ठाव नाय."

येमिमाने हातातली वाटी खाली ठेवली. "कशी आहे गं ती?"

"ही काय, तुमच्या म्होरंच उभी हाय!"

येमिमाने आवाजाच्या दिशेला तोंड केलं. समोर नुसता अंधार होता. तिने हात पुढे केला. एक इवलासा, उबदार, मासळीच्या पाण्याने ओला झालेला हात तिच्या हातात आला. तो दोन्ही तळव्यांत धरून ती म्हणाली, "बाळा, तुझं ना—"

"शुलमिथ! अगं, पाहुणे येऊन बसलेत, कुठे आहेस?"

माझी आई मला हाक मारते आहे. आले गं, एवढं एकच वाक्य राहिलं—