टाकीमागचं घर

“मग माझं चुकलं कुठं, बुवा?”

टेकडीवरच्या मठात शिरता शिरताच डॉक्टर शाल्मलीनं विचारलं. ती बसलीसुद्धा नाही. दत्तगिरी बुवा ओसरीवर वातींसाठी कापूस पिंजत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“परदेशातली नोकरी सोडून या गावासाठी परत आले. पारूबाईच्या लेकीची तारीख उलटली, तेव्हा स्वच्छ सांगितलं होतं. दवाखान्यात ठेवा, औषधानं कळा आणू, उशीर केलात तर बाळ पोटातच जाईल. नाही ठेवली. आल्या त्या बाळाचं हलणं थांबल्यावर...”

ते बाळ शाल्मलीनंच हातात घेतलं होतं. अंगाची सालपटं निघालेली, नखं वाढलेली. मुलगी होती.

“आता काय म्हणतेस?”

“पारूबाईंच्या सुनेचीही तारीख उलटलीय. बाळ अजून हलतंय म्हणे. टाकीमागच्या त्यांच्या घरी मी नर्सला धाडलं, तर पारूबाईंनी दार लावून घेतलं. तुमचा शब्द गाव मोडत नाही. तुम्ही सांगा त्यांना.”

“सांगतो की. पण आधी तू सांग. मी पारूबाई.”

बुवांनी खांद्यावरची छाटी पदरासारखी डोक्यावरून ओढली. पांढऱ्या दाढीवर भगवा पदर. एरवी कुणालाही हसू फुटलं असतं.

“डॉक्टरीणबाई, औंदा धोंड्याचा महिना आलाय मधी. अधिकाचा महिना पोटुशीला धरत न्हाईत. माझ्या लेकीची तारीख म्हैनाभर फुडं सरंल.”

“अधिक महिना पंचांगात असतो, आई. पोटातल्या बाळाला तो...”

“आई? त्या दिवशी आई म्हणाली होतीस?”

“नाही.”

“मग त्या दिवशीचंच बोल.”

शाल्मलीनं इकडंतिकडं पाहिलं. ओसरीवर तिसरं कुणी नव्हतं. तरी ती हळूच बोलली.

“तुमच्या बाळाला पंचांग वाचता येतं वाटतं, आजीबाई?”

“पुढं?”

“पुढं... बाकावरच्या बायका हसल्या.”

“आधी कोण हसलं?”

तिनं मान खाली घातली.

“हस,” बुवा पदराआडून म्हणाले.

तिनं मान वर करून बुवांकडं पाहिलं.

“हस की, बाई. लेकीला घेऊन आलेय मी. समोर उभी आहे.”

शाल्मलीचे ओठ हलले. हसू काही येईना. त्या दिवशी पारूबाईनं नाकापर्यंत पदर ओढला होता, पोटुशा लेकीचं मनगट धरलं होतं आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरली होती. मागं बायका खिदळत होत्या. शाल्मलीनं पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

बुवांनी छाटी खांद्यावर घेतली. पुन्हा कापूस हाती धरला.

“बरोबर तूच होतीस,” ते म्हणाले.

तेवढं ऐकायलाच ती टेकडी चढून आली होती. आता ते ऐकवेना.

मग डोळे पुसून बुवांच्या पाया पडायला वाकली.

बुवांनी पाय मागं ओढून घेतले.

“हे पाय नव्हेत, बाई. टाकीमागच्या घरी जा.”