शेपट्याचं औषध

झाडांनाही वाढायची घाई नव्हती, तेव्हाची गोष्ट. रेवा वानरीचा मिसरूड फुटू लागलेला लेक शेपट्या दिवसेंदिवस वाळत चालला होता. पहाटे खारीकडे झाडावर चढणं, दुपारी बेडकाकडे उड्या, संध्याकाळी बदकाकडे पोहणं. रेवाने त्याला क्षणभरही रिकामं ठेवलं नव्हतं. तरी खाल्लेलं अंगी लागेना. शेवटी तिने त्याला कासववैद्यांकडे नेलं.

वैद्य नाडी बघेपर्यंत पोरगं बसल्याबसल्या घोरू लागलं.

“औषध नको, रेवाबाई,” वैद्य म्हणाले. “रोज संध्याकाळी त्याला नुसतं उनाडू द्या.”

रेवाचा जीव भांड्यात पडला.

“उद्यापासूनच लावते, वैद्यबुवा,” ती म्हणाली. “पण उनाडायचा चांगला क्लास कोणाचा?”