जिथलं तिथं सोडणारा गेनू

कातळखिंड नावाच्या गावात एक भोळा गडी राहायचा. त्याचं नाव गेनू. अंगाने धट्टाकट्टा, स्वभावाने गरीब आणि कामाला वाघ. फक्त त्याला काही सांगायची सोय नव्हती, कारण सांगितलं की तो ते करायचा.

एकदा त्याची बायको हौसा नदीवर धुणं धुवायला निघाली. जाताना म्हणाली, "दूध चुलीवर हाय. उतू जाया लागलं की मला हाक मारा." दूध उतू जाऊ लागलं. गेनूने चुलीपाशी बसून हाका मारल्या. नदी पाऊण कोसावर. दूध संपलं, हाका काही संपल्या नाहीत.

अशा गड्याला कामावर कोण ठेवणार? पिठाच्या गिरणीतून तो दुपारी परत आला, वीटभट्टीवरून न्याहारीलाच परत आला. शेवटी हौसाने बोचकं बांधलं.

"मी चालले माहेरी," ती म्हणाली. "एका जागी सात दिस टिकून दावा. टिकला तर मी आपल्या पायानं येईन. न्यायला येऊ नका."

गेनूला रडू आलं. हौसावर त्याचा फार जीव होता. तिच्याशिवाय घर खायला उठायचं, आणि स्वयंपाकही त्याला येत नव्हता.

नशीब असं की त्याच सुमारास गावामागच्या रानात एक शिबिर सुरू झालं. पाटीवर लिहिलं होतं, 'पुन्हा रानात चला'. ते चालवायचे पुण्याचे श्रीरंग सर. शहरातल्या माणसांनी तिथे यायचं, अनवाणी चालायचं, कंदमुळं खायची, लाकडावर लाकूड घासून विस्तव करायचा आणि आदिमानवासारखं जगायचं. सर स्वतः गोणपाट नेसायचे. कातळखिंडीच्या लोकांनी आत्ता कुठे चपला घेतल्या होत्या, आणि ही मंडळी चपला काढायला पैसे भरत होती. गावाला त्याचं भारी नवल.

रानातला पिण्याच्या पाण्याचा झरा फक्त गेनूला ठाऊक होता. म्हणून सरांनी त्यालाच कामावर ठेवलं.

"गेनू," सर म्हणाले, "इथला एकच नियम. आदिमानवाकडे जे नव्हतं, ते इथे दिसता कामा नये. दिसलं की उचल आणि कोठीत टाक."

"व्हय सर," गेनू म्हणाला.

त्याने मोबाइल उचलले, घड्याळं उचलली, कंगवे उचलले. सर खूश झाले. मग त्याने सगळ्यांच्या नाकांवरचे चष्मे उचलले. बँकेतून निवृत्त झालेले दळवी काका झाडाखाली तोंड उघडं टाकून झोपले होते. गेनूने त्यांची कवळीही काढून नेली.

जेवायला उकडलेले कंद होते. काका नुसते चोखत बसले. बाकीच्यांना कंद कोणता आणि दगड कोणता तेच दिसेना.

"अरे, कवळी का काढलीस?" सर ओरडले.

"आदिमानवाला कवळी व्हती का, सर?"

"नव्हती, पण..." सरांनी कपाळावर हात मारला. "हे बघ. अंगावर जे आहे, ते कुणाचंही असो, त्याला हात लावायचा नाही. राहू द्यायचं तसंच."

"चुकलं सर. ध्यानात ठेवतो."

आणि त्याने ध्यानात ठेवलं. गेनूची सगळी अडचण तीच होती.

दुसऱ्या दिवशी सर ओढ्याकाठी बसून सांगत होते, की रान आपल्याला सगळं देतं, आपण घ्यायला शिकलं पाहिजे. पावसाळा नुकताच सरला होता. एक जळू सरांच्या मानेवर चढली आणि घ्यायला लागली. गेनू मागेच उभा होता. त्याने पाहिलं. जळू काडीएवढी होती, ती करवंदाएवढी झाली. गेनू हात मागे बांधून शांतपणे पाहत राहिला. शेवटी मंडळींतली एक बाई किंचाळली आणि सर उठून नाचायला लागले.

"अरे, तुला दिसत नव्हती?"

"दिसत व्हती की. मगापासनं दिसत व्हती."

"मग?"

"अंगावरचं काढू नको म्हणला व्हता."

सर मान चोळत बसले. मग दमाने म्हणाले, "असं काही चिकटलेलं दिसलं ना, की चिमूटभर मीठ टाकायचं. लगेच सुटतं. विचारत बसायचं नाही."

"चुकलं सर. ध्यानात ठेवतो."

त्या दिवसापासून गेनू कनवटीला मिठाची पुडी बाळगू लागला. शिबिरात नाशिकचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं होतं. संध्याकाळी दोघं कातळावर बसून मावळता सूर्य पाहत होती. तिचं डोकं त्याच्या खांद्यावर, त्याचा हात तिच्या कमरेला. गेनू पाणी घेऊन चालला होता. त्याने दोघांना पाहिलं. हंडा खाली ठेवला. चांगलीच चिकटलेली दिसत होती, म्हणून चिमूट न घेता त्याने मूठ भरली.

मीठ डोळ्यांत गेल्याबरोबर दोघं दोन दिशांना पळाली. गेनूला समाधान वाटलं. सरांचं औषध खरंच गुणकारी होतं.

जोडपं रागाने बॅगा भरायला लागलं. सरांनी त्यांची मनधरणी केली आणि मग गेनूला बाजूला घेतलं. खरं तर ते त्याला त्याच दिवशी घालवून देणार होते. पण झरा कुठे आहे ते अजून त्यांना कळलं नव्हतं.

"अरे गाढवा, माणसं अशी जवळजवळ दिसली की आल्या पावली मागे फिरायचं! वळूनसुद्धा बघायचं नाही!"

"चुकलं सर. ध्यानात ठेवतो."

चौथ्या दिवशी मंडळींचा धीर सुटला. कंद खाऊन खाऊन सगळ्यांची तोंडं आंबली होती. एका बाईंनी अंबाड्यात लायटर लपवून आणला होता, दुसऱ्या एकाने उशीत शेवयांची पाकिटं. सर पाला गोळा करायला गेल्याचं पाहून सगळी मंडळी गवताच्या झोपडीमागे दाटीवाटीने बसली आणि शेवया शिजवायला लागली. वारा आला. झोपडीच्या छपराने पेट घेतला.

"गेनू! पाणी! पाणी आण!"

गेनू दोन हातांत दोन बादल्या घेऊन धावत आला. पाहतो तर माणसं अगदी जवळजवळ. त्याने मान खाली घातली, आल्या पावली फिरला आणि दोन्ही बादल्या पुन्हा झऱ्यावर नेऊन ओतल्या. मागून हाका येत होत्या, पण वळायचं नव्हतं. झोपडी जळून गेली. शेवया मात्र चांगल्या शिजल्या, असं दळवी काका पुढे कितीतरी दिवस सांगत असत.

सरांनी राखेकडे पाहिलं. मग गेनूकडे पाहिलं.

"आग दिसली की पाणी ओतायचं," ते हळू आवाजात म्हणाले. "कोण आहे, का आहे, काही बघायचं नाही. ओतायचं."

"चुकलं सर. ध्यानात ठेवतो."

आता लाकूड घासून विस्तव करायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. मंडळी पहिल्या दिवसापासून घासत होती. तळहाताला फोड आले, फोड फुटले, त्यावर पुन्हा फोड आले. पाचव्या दिवशी सकाळी दळवी काकांच्या काटकीतून धुराची रेघ निघाली. सगळे धावले. काकांनी आणखी जोर केला. भुशात तांबडा कण दिसला. मग इवलीशी ज्योत उभी राहिली. काकांचे डोळे भरून आले. "चाळीस वर्षं नोकरी केली," ते म्हणाले, "पण असं काही..."

तेवढ्यात गेनूने अख्खी बादली ओतली.

काका हातातल्या ओल्या काटकीकडे बघत राहिले. गेनूलाही कुठेतरी वाटलं की काहीतरी बिनसलं.

"सर, आग दिसली."

सर मटकन खाली बसले. रागवायचं त्राणही त्यांच्यात उरलं नव्हतं. लहान पोराला समजवावं तसं ते म्हणाले, "गेनू, तो इवलासा जीव होता रे. असा जीव दिसला की मऊ गवतात गुंडाळायचा. हळूच फुंकर घालायची. ओंजळीत धरून झोपडीत आणायचा, उबेला ठेवायचा. जपायचं असतं त्याला."

"चुकलं सर. ध्यानात ठेवतो," गेनू म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं होतं.

सहाव्या दिवशी त्याला झऱ्याजवळ घोरपडीचं पिल्लू सापडलं. त्याने ते मऊ गवतात गुंडाळलं. फुंकर घातली. ओंजळीतून सरांच्या झोपडीत आणलं आणि सर दुपारचे आडवे झाले होते, त्यांच्या घोंगडीत उबेला ठेवलं. पिल्लाला ऊब आवडली. ते आणखी आत गेलं आणि तिथे जे सापडलं त्याला नखांनी घट्ट धरून बसलं. घोरपडीची पकड कशी असते, हे सांगायला नको.

सरांना सोडवायला चार माणसं लागली. सरांनी पाणी पिऊन श्वास घेतला. पण रानातल्या प्राण्यांवर त्यांचं खरंच प्रेम होतं. त्यामुळे स्वतःचं दुखणं विसरून ते पिल्लाचीच काळजी करायला लागले.

"नीट ऐक, गेनू. वाट चुकून कुणी इथे आलं, तर त्याला ठेवून घ्यायचं नाही. जिथून आलं, तिथे नेऊन सोडायचं. आधी पाणी पाजायचं. डोळ्यांवर फडकं बांधायचं, म्हणजे ते घाबरत नाही. अलगद छकड्यात ठेवायचं. वाटेत बोलायचं नाही. त्याच्या ठिकाणी पोचलं की फडकं सोडायचं आणि निघायचं. मागे मागे यायला लागलं तर टाळी वाजवायची. जातं ते आपलं आपण."

गेनूने शब्द न् शब्द मनात घोळवला. मग पिल्लू छकड्यात घालून झऱ्यापाशी नेलं, सोडलं, टाळी वाजवली. सगळं अगदी सांगितल्याबरहुकूम झालं. सरांनी त्याची पाठ थोपटली. गेनू त्या दिवशी जेवताना दोनदा हसला.

सातवा दिवस उजाडला. सकाळपासून काहीच बिघडलं नाही. दुपारी सर दळवी काकांना म्हणाले, "गडी शिकला हो. याला कायमचा ठेवतो. बायको येणार म्हणत होता, तर नव्या झोपडीत दोघांची सोय करू."

तिकडे उंबरवाडीला, माहेरी, नवरा रानातल्या शिबिरात कामाला लागल्याचं कळल्यापासून हौसा पदराला रोज एक गाठ मारत होती. सात गाठी झाल्या. नवरा घरी परतल्याचा निरोप आला नाही, म्हणजे टिकला! हौसाला इतका आनंद झाला की ती न जेवताच निघाली. आईने दिलेल्या भाकऱ्या बोचक्यात बांधल्या आणि भर उन्हात खिंड ओलांडून, घामाघूम होऊन शिबिराच्या कुंपणाशी आली.

गेनू बैलाला चारा घालत होता. तिला बघून त्याचं काळीज सुपाएवढं झालं.

"हौसा!"

"टिकला की वो तुम्ही!" हौसाचे डोळे पाणावले. "मी तर सकाळीच येणार व्हते. पर खिंडीत वाट चुकले. लई येळ गेला."

गेनू थबकला.

"वाट चुकून आलीस?"

"व्हय."

"आन निघालीस कुठनं?"

"अवं, आमच्या घरनं. उंबरवाडीवरनं. कुठनं निघणार?"

गेनू गंभीर झाला. त्याच्या जिवाला फार लागलं, पण नोकरी म्हणजे नोकरी. त्याने तांब्याभर थंड पाणी आणून तिला पाजलं. खांद्यावरचं फडकं काढून तिच्या डोळ्यांवर हलक्या हाताने बांधलं.

"अगं बया, हे काय आनि?" हौसा लाजली. "काय दावणार हाय मला? नवं घर?"

गेनू बोलला नाही. त्याने तिला अलगद उचलून छकड्यात ठेवलं. लग्नातसुद्धा त्याने तिला एवढ्या मायेने वागवलं नव्हतं. हौसाचा जीव हरखून गेला. वाटभर ती एकटीच बोलत होती, की परसात कोंबड्या पाळू, दारात तुळस लावू, आता मी तुम्हाला सोडून कुठं जायची नाही. गेनूचे डोळे वाहत होते. बैल चालत होता. बोलायचं नव्हतं.

छकडा थांबला. गेनूने तिला खाली उतरवलं आणि फडकं सोडलं. समोर हौसाची आई सुपात तांदूळ निवडत बसली होती.

"अगं, गेलीस कवा आन आलीस कवा?" आई म्हणाली.

दिवस मावळताना गेनू शिबिरात परतला. सर वाटच बघत होते.

"अरे, तुझी बायको आली होती म्हणे. कुठे आहे ती? झोपडी झाडून ठेवलीय तुमची."

गेनूने डोळे पुसले आणि छाती पुढे काढली.

"सर, आज काय बी चुकलं न्हाई बघा. वाट चुकून आली व्हती. पानी पाजलं, फडकं बांधलं, जिथली व्हती तिथं नेऊन सोडली. येक वरखडा न्हाई अंगावर. छकड्यामागं पळत आली, टाळी वाजवली. पुन्यांदा आली, दोन टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यांदा केरसुणी घेऊन आली, तवा तर हात लाल हुईस्तवर वाजवल्या. मग न्हाई आली, सर. रुळली तिथं."