बिनखुंटीची खुर्ची

त्या वर्षी श्री अचलबुवा महाराजांचा मुक्काम माळशेवगे गावी, मारुतीच्या देवळात होता. वय झाले होते, पाठीला टेकू लागे. तरी रोज निरूपणाला बसायचेच! म्हादबा सुताराने ते पाहिले आणि मनाशी ठरवले, महाराजांची खुर्ची मीच करणार.

म्हादबाच्या हाताचा पंचक्रोशीत लौकिक होता, आणि तो त्याला पुरता ठाऊकही होता. जुने सागवान, पाठीला उभ्या पट्ट्या, मधून वारा खेळेल अशा. खुर्ची देखणी झाली. अडले ते एकाच ठिकाणी. खुर्ची जोडली की सुतार आधी स्वतः तीत बसतो. वजनाने सांधे आवळतात, मग ते पक्के करायला तो भोकांत लाकडी खुंट्या ठोकतो. पण महाराजांच्या आसनावर आधी आपण टेकायचे? म्हादबाची छाती होईना. दुसऱ्या कोणालाही त्याने बसू दिले नाही. खुर्ची तशीच, बिनखुंटीची, देवळात आणली.

गावचे इनामदार दौलतराव तिथे होतेच. त्यांच्या घरची नक्षीदार खुर्ची महाराजांनी नको म्हटली होती, त्याचा राग मनात होता. त्यांनी खुर्चीची पाठ धरून हलवली, तशा पट्ट्या खडखडल्या.

"म्हादबा, खुर्ची केलीस का खुळखुळा? महाराज पडले म्हणजे?"

सारी मंडळी हसली. म्हादबा पुढे झाला. महाराजांना काही झाले तर गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

"म्हाराज, नगा बसू," तो हात जोडून म्हणाला. "सांधं बसल्यालं न्हाईत. तुमच्या आदी म्या कसं बसावं?"

महाराज म्हणाले, "आमच्यासाठी राखलीस ना? मग आम्हीच बसतो."

आणि बसले! मूठभर कापसासारखा तो देह, त्याचे वजन ते किती! पण एकेक पट्टी आपापल्या खाचेत जाऊन बसली. निरूपण संपेपर्यंत खुर्ची कुरकुरलीसुद्धा नाही.

महाराज उठले, तसे दौलतराव पुढे सरसावले. दोन्ही हातांनी पट्ट्या ओढून पाहिल्या. घाम फुटला, पण एकही पट्टी जागची हलेना. खुंट्यांची भोके मात्र रिकामीच! त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

"चुकलो, महाराज."

"आमच्यापाशी काय सांगता, दौलतराव? हसलात ते त्याला."

इनामदार वळले आणि साऱ्या गावादेखत म्हादबापुढे वाकले. म्हादबाने त्यांना दोन्ही हातांनी धरून उठवले. पण खरे सांगायचे तर, घाई केली नाही.