खड्ड्यातला मिशाळ बुवा

राजे दौलतराव खड्ड्यात पडले! आपल्याच राजधानीत, भर बाजारपेठेत, रथाचं चाक मोडून, नव्याकोऱ्या फेट्यासकट! फेटा एकीकडे, राजे दुसरीकडे, आणि अख्खा बाजार तोंडात पदर नि उपरणी कोंबून हसतोय!

राजांनी धूळ झटकायच्या आधी हुकूम सोडला, "रस्त्यांच्या मुकादमाला पकडून आणा!"

बाळोजी मुकादम धावत आला. मागोमाग त्याची लेक राही.

"महाराज, खडी अन् मुरूम वेशीबाहेर खाणीपाशी पडूनच हाय," बाळोजी म्हणाला. "पण आणायला-पसरायला माणसं लागतात. दरसाल रस्तापट्टी गोळा होते, माझ्यापर्यंत दमडी येत नाही!"

राजांनी हैबतराव कारभाऱ्याकडे पाहिलं. हा गृहस्थ कुठेही जावो, आधी मिशा पोचत, मग पोट, आणि शेवटी कारभारी.

"पट्टी खर्च झाली, महाराज."

"कशावर?"

"पट्टी गोळा करण्यावर!"

राजांचं डोकं आधीच तापलेलं. "मला कारणं नकोत! रंगपंचमीला जावईबापू येणार आहेत. तोवर पेठेचा रस्ता सपाट पाहिजे! खजिन्यातून छदाम मिळणार नाही, रयतेवर नवी पट्टी बसवायची नाही, कुणाला वेठीला धरायचं नाही. आणि जितके खड्डे उरतील, तितके फटके मुकादमाला!"

पेठेत खड्डे एवढे होते, की मधे रस्ता कुठे आहे ते शोधावं लागे. तेवढे फटके खाऊन कोण जगतो? पण रडत बसणं राहीच्या रक्तातच नव्हतं.

"महाराज, एकच मागणं," ती म्हणाली. "आपला दवंडीवाला एक दिवस मला द्या!"

कारभारी फिसकन हसला. "दवंडीनं खड्डे बुजतात होय गं पोरी?"

"दवंडीनं तुमची पट्टी गोळा होते, कारभारी. मग खड्डे बुजायला काय हरकत?"

राजे म्हणाले, "ने! पण फटके मोजून ठेव!"

दुसऱ्या दिवशी होळी. त्या राज्यात होळीपासून रंगपंचमीपर्यंत कुणी कुणाच्याही नावानं बोंब ठोकावी, गुन्हा नाही! वर्षभर गिळलेलं सगळं तेवढ्या दिवसांत बाहेर काढायचं. हा रिवाज मोडायची छाती खुद्द राजांचीही नव्हती.

धुळवडीच्या सकाळी पेठ उघडली आणि लोक जागच्या जागी थबकले. प्रत्येक खड्ड्यात पेंढ्याचा एकेक बुवा बसलेला! डोक्याला फुटकं मडकं, पुढे ही एवढी ढेरी आणि कोळशानं ओढलेल्या लांबच लांब मिशा! नाव कुठे लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

तेवढ्यात दवंडी आली. "ऐका हो ऐका! खड्ड्यातल्या बुवाला कुणी दगड मारायचा न्हाई हो! मारलाच तर मुठीपेक्षा मोठा मारायचा न्हाई हो! आन् खाणीपाशी खडीचा ढीग हाय, तिकडं तर कुणी फिरकायचंसुद्धा न्हाई हो!"

आता त्या गावचा स्वभाव सांगायलाच हवा. कर म्हटलं की बसायचं आणि नको म्हटलं की धावायचं! दवंडी संपायच्या आत निम्मा गाव खाणीकडे पळाला. टोपल्या, पोती, उपरणी, लुगड्याचे ओचे, जे हाताला लागेल त्यातून खडी आली!

"हा माझ्या मोडलेल्या आसाचा!" गाडीवान ओरडला. धाड!

"हा माझ्या सांडलेल्या तुपाचा!" गवळण ओरडली. खाड!

"हा माझ्या मोडक्या कमरेचा!" एक म्हातारबा ओरडले.

"अहो आजोबा, तुम्ही तर घरात पडला होता!"

"असू दे रे! नेम बरा बसतोय!"

मडकी फुटली, ढेऱ्या फाटल्या, तरी खडीचा मारा थांबेना. बुवा दिसेनासे झाले, खड्डे काठोकाठ भरले. तेव्हा राही कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगंबाई! मेलेल्याला असं उघड्यावर टाकतात का? मूठभर माती तरी द्या!"

मग काय! मुठीनं नाही, पाट्यांनी मुरूम आला. "आमची पट्टी घेऊन कुठं गेलास रे बुवाऽऽ!" म्हणून गळे काढून लोकांनी माती दिली. रंगपंचमीला त्यावर रंगाचं पाणी घागरी-घागरींनी ओतलं आणि ढोल, लेझीम घेऊन अख्खा गाव दिवसभर नाचला. मुरूम असा काही बसला, की संध्याकाळी जावईबापू आले ते रथात घोरत!

दरबारात कारभारी थयथयाट करू लागला. "महाराज, ह्या कार्टीनं माझी अब्रू काढली!"

"मी नुसत्या मिशा काढल्या, महाराज," राही म्हणाली. "त्या कुणाच्या, ते आत्ता ह्यांनीच सांगितलं!"

राजे मिशीत हसले. "आणि वेठ?"

"मी तर मारू नका म्हणून दवंडी दिली होती! गाव साक्षीला आहे!"

"खड्डा एक उरला नाही. तुझा बाप सुटला!" राजे म्हणाले. "ह्या कारभाऱ्यालाही आजच काढतो. पण पोरी, पुढच्या साली पुन्हा खड्डे पडले, तर बुवाला तोंड कुणाचं देशील?"

राहीनं ओच्यातून कोळसा काढला. एक डोळा मिटून ती राजांकडे बघत राहिली.

"महाराज, जरा उजेडाकडं तोंड करता का? नाकाचा बाक नीट दिसत नाही!"

बाळोजीनं डोळे गच्च मिटले. राजांनी हळूच आपलं नाक चाचपलं आणि मग असे काही हसले, की सिंहासन करकरलं!

"आजपासून रस्तापट्टी थेट बाळोजीच्या हाती!" ते डोळे पुसत म्हणाले. "पोरीला सोन्याचं कडं द्या! आणि अरे, तिच्या हातातला तो कोळसा आधी काढून घ्या!"