येसाईच्या तळ्याच्या अकरा खाचा

हे तळं नीट बघा, मंडळी. याचा काठ सरळ नाही. भाकरीचे लचके तोडावेत तशा याला अकरा खाचा आहेत आणि प्रत्येकीला शेजारच्या एकेका गावाचं नाव आहे. हे ना देवानं दिलं, ना राजानं बांधलं. एका बाईनं ते कुदळीनं खणलं, तेही पाण्यासाठी नाही.

येसाई कुंभारीण नवऱ्यामागे एकटीच होती म्हणे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे पितरांसाठी नवी घागर भरून पुजतात. अकरा गावांच्या घागरी तिच्या हातच्या. एका आखाजीच्या आठवडाभर आधी गेनबा नावाच्या माणसानं भर बाजारात घेतलेली घागर आपटून ठेवली, तिला तडा गेला, आणि तो दुसरी फुकट मागू लागला. येसाईनं दिली नाही. जाता जाता तो एवढंच म्हणाला, "मसणातली माती मळते ही बाई."

झालं! बाजार उठेपर्यंत ते अकरा गावांत पोचलं. मसणातल्या मातीतून पितरांना पाणी कोण देणार? त्या आखाजीला एकही घागर खपली नाही. गेनबा मात्र घरी जाऊन पोटभर जेवला असेल.

येसाईनं कुदळ उचलली. "माझ्या घागरीतून पितरांना पाणी मिळेल, तेव्हाच ही खाली ठेवीन," असा पण तिनं केला, असं सांगतात. पहिल्या गावच्या पंचांना तिनं या माळावर, ती माती काढायची तिथं आणलं, समोर खणून माती दाखवली. त्यांना पटलं. दुसऱ्या गावचे म्हणाले, "आम्ही कुठं पाहिलं? आमच्यासमोर नवा खड्डा काढ." तिनं काढला. तिसऱ्यांना आणखी खोल हवा होता. तोवर पहिल्याच गावात कुजबुज सुरू झाली, "काही नव्हतं, तर ही एवढी खणते कशाला?" सांगताना अजून माझं डोकं फिरतं! बोलणाऱ्याला कुणी एक शब्द विचारला नाही, आणि जिनं काही केलं नाही तिच्या तळहातांची सालटी निघाली.

तीन वर्षं ती खणत होती. खड्ड्याला खड्डा मिळत गेला. अकरावा खड्डा गेनबाच्याच गावासाठी होता. तो खणताना झरा फुटला आणि येसाई तिथंच कोसळली, ती उठली नाही. पुढच्या आखाजीला अकराही गावांनी तिच्या अंगणात पडून राहिलेल्या घागरी नेल्या आणि तिच्याच नावानं भरल्या. जिवंतपणी एक घेतली नव्हती मेल्यांनी! गेनबाला विचारलं तर म्हणाला, "मी आपलं सहज बोललो."

तेव्हापासून आमच्या गावात रीत आहे. पारावर बसून कुणी कुणाबद्दल 'म्हणे' म्हणून सुरू केलं, की त्याच्यापुढे पाटी सरकवतात. आधी तळ्यातला पाटीभर गाळ काढायचा, मग बोलायचं. बरेचजण पाटी बघूनच उठतात. आता मीही 'म्हणे' म्हणालो, पण माझी पाटी सकाळीच टाकून आलोय.

आजही हे तळं आटत नाही. आणि आजही, परवाच्याच बाजारात, पलीकडच्या गावच्या एका बाईनं घागर उचलली, बोटानं वाजवली आणि हळूच विचारलं, "माती कुठली गं?" कुंभारणीनं तळ्याकडे बोट दाखवलं. बाईनं तळ्याकडे पाहिलं, पुन्हा घागरीकडे पाहिलं, आणि घागर न घेताच खाली ठेवली.