गेनबाची पाकाची वाटी

मधमाश्या माणसांशी बोलायच्या, पण माणसं फारसं मनावर घ्यायची नाहीत, त्या काळची गोष्ट. पावसाळ्यात फुलं नसत, म्हणून गेनबा मधपेटीत साखरेच्या पाकाची वाटी ठेवी. पुढे डोंगरभर कारवी फुलली, तरी दुप्पट मधाच्या लोभानं त्यानं वाटी काही उचलली नाही.

ठमी माशी दारातून डोकावली. "घरात आयतं असताना डोंगर चढायला मला काय वेड लागलंय?" म्हणाली, आणि वाटीकडे वळली. बाकीच्याही वळल्या. पोळं पाकानंच भरलं.

मध काढताना गेनबानं बोट चाटलं आणि बोंब ठोकली, "चोरट्यांनो, हा तर माझाच पाक!"

"अहो गेनबा," ठमी पाय पुसत म्हणाली, "दरसाल तुम्ही मध नेता, तेव्हा आम्हीही हेच ओरडतो. तुम्हाला वाटतं, गुणगुणतायत."